४४४ दिवसांनंतर : हेगच्या लवादाची वाटचाल

अमेरिका आणि इराण यांचे राजनैतिक संबंध १९८०च्या एप्रिलमध्ये तुटले, ते आजतागायत जुळलेले नाहीत. एकमेकांच्या राजधानीत त्यांचा दूतावास नाही की राजदूत नाही. तरीही नेदरलँड्समधल्या हेग शहरात या दोन देशांनी नेमलेली माणसे चार दशकांहून अधिक काळ एकाच टेबलाशी बसून, एकमेकांच्या कागदपत्रांवर वाद घालत, निवाडे देत आली आहेत. १९८०च्या दशकात त्या दोघांची जहाजे इराणच्या आखातात समोरासमोर उभी ठाकली, तेव्हाही हे टेबल मोडले नाही. या संस्थेचे नाव इराण–अमेरिका दावे लवाद.

तेहरानच्या ओलीसप्रकरणाची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील : डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले अमेरिकी कर्मचारी आणि दूतावासाच्या फाटकाबाहेर मुठी उंचावणारा जमाव. त्या प्रकरणाचा शेवट नेमका कशाने झाला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो शेवट म्हणजे हा लवाद. त्या संकटाची मुळेही लवादासमोर आलेल्या हजारो दाव्यांमध्ये जितकी स्पष्ट दिसतात, तितकी कोणत्याही भाषणात दिसत नाहीत, असे मला वाटते.

ती मुळे निदान १९५३पर्यंत जातात. पंतप्रधान मोहम्मद मोसद्देघ यांच्या काळात, १९५१मध्ये, इराणने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकेच्या सीआयएने आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याने मदत केलेल्या उठावात त्यांचे सरकार उलथले आणि शहा मोहम्मद रझा पहलवी यांची सत्ता पक्की झाली. पुढची २५ वर्षे इराणच्या तेलाचा पैसा अमेरिकी कंपन्यांकडे वाहत राहिला. लढाऊ विमाने, हेलिकॉप्टर, विमानतळांचे आराखडे, टोलेजंग वसाहती, विमा, दूरसंचार, अणुवीजकेंद्राच्या जागेची पाहणी अशा नाना कामांचे करार झाले. त्यांच्यामागोमाग हजारो अमेरिकी तंत्रज्ञ आणि लष्करी सल्लागार इराणमध्ये राहायला आले.

१९६४मध्ये अमेरिकी लष्करी कर्मचाऱ्यांना इराणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा कायदा संसदेत मंजूर झाला. इराणी माणसाला अमेरिकी शिपायाने गाडीखाली चिरडले तरी त्याच्यावर तेहरानमध्ये खटला चालणार नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. आयातुल्ला खोमेनी यांनी त्याविरुद्ध जळजळीत भाषण केले. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. बरोबर १५ वर्षांनी, त्याच तारखेला, स्वतःला इमामाच्या मार्गाचे अनुयायी म्हणवणाऱ्या विद्यार्थ्यांनी अमेरिकी दूतावासाच्या भिंती ओलांडल्या.

इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायला हवी. १९६४च्या सवलतीविरुद्धचा राग न्याय्य होता. पण परक्या देशात बसलेल्या दूताला मिळणारे संरक्षण ही वेगळी बाब आहे. ती कोणा बड्या राष्ट्राने लादलेली सवलत नव्हे. लहानमोठ्या सर्व देशांनी आपापल्या माणसांसाठी एकमेकांना दिलेला तो शब्द आहे, आणि इराणच्या दूतांनाही जगभर त्याचाच आधार होता. विद्यार्थ्यांनी या दोन गोष्टी एक मानल्या. शहाची सत्ता उलथवून आलेल्या नव्या राजवटीनेही त्यांना तसे मानू दिले. इराणला पुढे मोजावी लागलेली किंमत इथून सुरू होते.

दूतावासावरच्या चढाईचे तात्कालिक कारण शहाचे आजारपण होते. १९७९च्या क्रांतीत सत्ता गमावून देशोदेशी भटकणाऱ्या शहाला कर्करोगाच्या उपचारांसाठी २२ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यूयॉर्कला येऊ देण्यात आले. तेहरानमधल्या दूतावासाने यातला धोका वॉशिंग्टनला आधीच कळवला होता. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला दूतावासावर एकदा हल्ला झाला होता आणि काही तासांतच तो मोकळाही झाला होता. इराणी लोकांना मात्र शहा न्यूयॉर्कला पोहोचणे म्हणजे १९५३ची पुनरावृत्ती वाटली. १ नोव्हेंबरला अल्जीरियाच्या क्रांतीच्या वर्धापनदिनी अल्जीअर्स शहरात इराणचे पंतप्रधान मेहदी बाझरगान आणि अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिग्न्येव ब्रेझिन्स्की यांची भेट झाली. या भेटीच्या बातमीने तेहरान आणखी पेटले. तीन दिवसांनी दूतावास पडला आणि आणखी दोन दिवसांत बाझरगान यांच्या सरकारने राजीनामा दिला. सुरुवातीला ६६ जण ताब्यात होते. त्यांतल्या काही स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कर्मचारी त्याच महिन्यात सुटले, एक जण १९८०च्या जुलैमध्ये आजारपणामुळे सुटला. उरलेले ५२ जण ४४४ दिवस कैदेत राहिले.

वॉशिंग्टनच्या हातात खरे हत्यार होते ते बँकेतले. १४ नोव्हेंबर १९७९ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी अमेरिकेत आणि अमेरिकी बँकांच्या परदेशी शाखांत असलेली इराणची मालमत्ता गोठवली. हा आकडा सुमारे १२ अब्ज डॉलरच्या घरात होता. त्यावर हक्क सांगण्यासाठी अमेरिकी कंपन्यांनी न्यायालयांत धाव घेतली. पैसे थकलेले होते, करार अर्धवट पडले होते, कारखाने जप्त झाले होते. शेकडो खटले दाखल झाले आणि त्या गोठलेल्या पैशांवर जप्तीचे हुकूम चढत गेले. ओलिसांचा प्रश्न आणि कंपन्यांच्या थकबाकीचा प्रश्न असे एकमेकांत गुंतले की एक सोडवल्याशिवाय दुसरा सुटेना.

कायद्याचा रस्ताही अमेरिकेने चोखाळला होता. २९ नोव्हेंबर १९७९ रोजी तिने हेगच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात इराणविरुद्ध तक्रार केली. त्या खंडपीठावर भारताचे नागेंद्र सिंह होते. इराण हजर राहिला नाही. त्याने फक्त पत्र पाठवले की दूतावासाचा प्रश्न हा २५ वर्षांच्या अमेरिकी हस्तक्षेपाचा एक दुय्यम भाग आहे, न्यायालयाने तो सुटा काढून पाहू नये. २४ मे १९८०च्या निकालात न्यायालयाने ओलिसांना तत्काळ सोडण्यास सांगितले. त्याच निकालात, खटला चालू असताना अमेरिकेने एप्रिलमध्ये केलेल्या लष्करी मोहिमेबद्दल चिंताही नोंदवली. ती मोहीम तबसजवळच्या वाळवंटात फसली होती, आठ सैनिक तिथे मेले होते आणि परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी राजीनामा दिला होता. बळाचा मार्ग वाळूत रुतला आणि न्यायालयाचा निकाल तेहरानने झुगारला.

मग तीन गोष्टी घडल्या. २७ जुलै १९८० रोजी शहाचे कैरोत निधन झाले. १२ सप्टेंबरला खोमेनी यांनी सुटकेच्या अटी जाहीर केल्या : शहाची संपत्ती परत, गोठवलेले पैसे मोकळे, इराणवरचे दावे रद्द आणि अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे वचन. २२ सप्टेंबरला इराकने इराणवर चढाई केली. युद्धाला पैसा लागतो, शस्त्रांचे सुटे भाग लागतात आणि जगात मित्रही लागतात. ओलीस ठेवून यातले काहीच मिळत नव्हते.

मध्यस्थ म्हणून अल्जीरिया पुढे आला. परराष्ट्रमंत्री मोहम्मद सेद्दिक बेनयाहिया आणि त्यांचे सहकारी अल्जीअर्स, तेहरान आणि वॉशिंग्टन यांच्यात निरोप नेत राहिले. अमेरिकेच्या बाजूने वॉरन ख्रिस्तोफर आणि इराणच्या बाजूने बेहजाद नबवी यांनी वाटाघाटी केल्या. दोन्ही पक्षांनी एकाही कागदावर एकत्र सही केली नाही. दोघांनी मान्य केलेल्या गोष्टी अल्जीरियाने आपल्या नावाने जाहीर केल्या. १९ जानेवारी १९८१च्या या जाहीरनाम्यांना अल्जीअर्स करार म्हणतात. बेनयाहिया पुढच्याच वर्षी विमान अपघातात गेले, तेही इराण आणि इराक यांच्यात समेट घडवण्याच्या प्रवासात. ओलीसप्रकरणाच्या कहाणीत त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत लिहायला हवे.

मध्यस्थाला वेळ मिळणे किती मोलाचे असते, हे मराठी माणसाला वेगळ्या घटनेतून माहीत आहे. पुण्यातला म्हात्रे पूल ज्यांच्या नावाचा, ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममध्ये भारताचे राजनैतिक अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी काश्मीरच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या गटाने त्यांचे अपहरण केले. तुरुंगात असलेला काश्मिरी फुटीरवादी मकबूल भट याच्या सुटकेची मागणी पुढे आली आणि दोनच दिवसांत म्हात्रे यांचा खून झाला. ११ फेब्रुवारीला भटला तिहार तुरुंगात फाशी देण्यात आली. निरोप नेणारा कोणी उभा राहण्याआधीच सगळे संपले.

अल्जीअर्समध्ये जे ठरले त्याचा गाभा हिशोबाचा होता. सुमारे ८ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमधल्या, अल्जीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाच्या खात्यात आले. त्यांत न्यूयॉर्कमध्ये ठेवलेल्या इराणच्या सोन्याची किंमतही होती. यांपैकी ३.६७ अब्ज अमेरिकी आणि इतर बँकांची कर्जे फेडण्यात गेले. १.४२ अब्ज वादग्रस्त बँककर्जांसाठी बाजूला ठेवले. इराणच्या हाती तत्काळ आले ते सुमारे २.८८ अब्ज. पैसे हलवण्याच्या तांत्रिक अडचणींमुळे १९ तारखेची रात्र सरली. २० जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये रोनाल्ड रेगन यांनी शपथ घेतली आणि काही मिनिटांतच ओलिसांचे विमान तेहरानहून उडाले. ज्या कार्टर यांनी हा करार घडवला, ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष राहिले नव्हते.

कंपन्यांचे खटले अमेरिकी न्यायालयांतून काढून एका नव्या लवादाकडे सोपवायचे, ही त्याच कराराची दुसरी बाजू. निवाड्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून १ अब्ज डॉलरचे तारण खाते डच बँकेत उघडायचे ठरले आणि ते ५० कोटींच्या खाली आले की इराणने पुन्हा भरायचे, अशी अट घातली गेली. दोन शत्रूंनी एकमेकांवर विश्वास न ठेवताही पैसे वसूल होतील अशी रचना करणे हे मोठे बुद्धिकौशल्य होते. पुढे १९९०च्या दशकात खाते त्या मर्यादेखाली गेले आणि इराणने भरणा केला नाही, तेव्हा अमेरिका त्याच लवादाकडे गेली. २०००मध्ये लवादाने इराणवरची ती जबाबदारी मान्य केली.

अमेरिकेत या सौद्याला आव्हान मिळाले. डेम्स अँड मूर या कंपनीने इराणच्या अणुऊर्जा संघटनेसाठी वीजकेंद्राच्या जागांची पाहणी केली होती आणि तिचे सुमारे ३४ लाख डॉलर थकले होते. आपला खटला परक्या शहरातल्या लवादाकडे ढकलण्याचा राष्ट्राध्यक्षांना काय अधिकार, असा तिचा सवाल होता. २ जुलै १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला. एव्हाना हेगमध्ये लवाद उभा राहत होता.

नऊ सदस्य : तीन इराणचे, तीन अमेरिकेचे आणि या सहांनी किंवा एका तटस्थ अधिकाऱ्याने निवडलेले तीन इतर देशांचे. पहिले अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन. अमेरिकेकडून हॉवर्ड होल्ट्झमन, जॉर्ज ऑल्ड्रिच आणि रिचर्ड मॉस्क आले. तीन कक्ष झाले, प्रत्येकात दोन देशांचा एकेक आणि मध्ये तिसऱ्या देशाचा एक. भाषा दोन, इंग्रजी आणि फारसी. त्यामुळे अनुवादाचे काम अखंड चालले. दावे दाखल करण्याची मुदत १९ जानेवारी १९८२ला संपली, तोवर सुमारे चार हजार दावे आले होते. त्यांतले बहुतेक अडीच लाख डॉलरहून कमी रकमेचे, म्हणजे साध्या माणसांचे आणि छोट्या व्यावसायिकांचे होते.

पहिली काही वर्षे अविश्वासाची होती. इराणी सदस्यांना वाटे की युरोपीय सदस्य अमेरिकेकडे झुकलेले आहेत. ३ सप्टेंबर १९८४ रोजी लवादाच्या इमारतीतच महमूद काशानी आणि शफी शफीई या दोन इराणी सदस्यांनी स्वीडनचे न्यायाधीश निल्स मांगोर्ड यांच्यावर हात टाकला. वयस्क न्यायाधीशावर सहकाऱ्यांनी असा हल्ला करणे आंतरराष्ट्रीय लवादाच्या इतिहासात अभूतपूर्व होते. काशानी हे आयातुल्ला अबुल कासिम काशानी यांचे पुत्र. वडिलांनी आधी मोसद्देघ यांना साथ दिली आणि मग ती सोडली होती. १९५३ची सावली लवादाच्या जिन्यापर्यंत पोहोचलेली होती. कामकाज थांबले, अमेरिकेने दोघांना हरकत घेतली, अखेर इराणने दोघांना बदलले. त्यानंतर इराण निघून गेला नाही, हे मला या वाटचालीतले सगळ्यात महत्त्वाचे वळण वाटते. निघून जाण्याची पुरेशी कारणे त्याच्याकडे होती आणि घरी टाळ्याही मिळाल्या असत्या.

निवाडे वाचताना शहाच्या इराणचा आतला नकाशा उलगडतो. स्टारेट ही बांधकाम कंपनी तेहरानमध्ये जमरूद नावाची प्रचंड वसाहत उभारत होती. क्रांतीनंतर सरकारने तिच्यावर आपला तात्पुरता व्यवस्थापक नेमला. राष्ट्रीयीकरणाचा हुकूम कधीच निघाला नाही. लवादाने १९८३मध्ये म्हटले की मालकाच्या हातून कारभार गेला आणि तो परत मिळण्याची आशा उरली नाही, तर हुकूम निघो वा न निघो, ती मालमत्ता काढून घेतल्यासारखीच आहे. जगभरच्या गुंतवणूक-वादांत आज हे तत्त्व वारंवार उद्धृत होते.

लहान माणसांचे निवाडे जास्त मनाला भिडतात. बेल हेलिकॉप्टरच्या इराणी शाखेत काम करणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या घरी १९७९च्या फेब्रुवारीत क्रांतिरक्षक आले आणि सामान बांधायला त्यांनी अर्धा तास दिला. काही दिवस हॉटेलात अडकवून ठेवल्यावर त्याला विमानतळावर नेले. त्याच्याजवळचे रोख पैसे तिथे काढून घेतले गेले. १९८७मध्ये लवादाने इराणला जबाबदार ठरवले, कारण रक्षक सरकारी अधिकारच वापरत होते. त्याच वर्षी दुसऱ्या काहींचे दावे मात्र फेटाळले गेले. रस्त्यावरची घोषणाबाजी आणि भीतीचे वातावरण यांमुळे ते स्वतःहून देश सोडून गेले होते, त्यांना सरकारने घालवले हे सिद्ध झाले नाही. हा फरक नेमका दाखवणे कठीण होते. लवादाने तो पुराव्यावर केला आणि त्यातून कायद्याला बळ मिळाले.

१९८४चा एक निर्णय इराणला फार बोचला. ज्यांच्याकडे इराणी आणि अमेरिकी अशी दोन्ही नागरिकत्वे आहेत त्यांनी दावा करायचा की नाही? लवादाने उत्तर दिले की ज्या देशाशी त्यांचे खरे आणि प्रबळ नाते आहे ते नागरिकत्व धरावे. मायदेशातून परागंदा झालेल्या अनेक इराणी कुटुंबांना त्यामुळे दार उघडले.

इराणच्या हातीही बरेच पडले. बँककर्जे फेडून उरलेले सुमारे ४५ कोटी डॉलर १९८७मध्ये लवादाच्या निर्णयाने इराणकडे परत गेले. छोटे दावे एकेक करून चालवायचे तर पिढ्या गेल्या असत्या. म्हणून १९९०मध्ये ते १० कोटी ५० लाख डॉलरच्या ठोक रकमेवर मिटवले गेले. १९८८मध्ये अमेरिकी युद्धनौकेने पाडलेल्या इराण एअर ६५५ या प्रवासी विमानाचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात होता. १९९६मध्ये तो आणि लवादातले काही दावे यांचा एकत्रित समझोता झाला. अमेरिकी नागरिक आणि कंपन्या यांना आजवर अडीच अब्ज डॉलरहून जास्त मिळाले आहेत.

आणि ते ५२ जण? करारात अमेरिकेने मान्य केले होते की ओलीस ठेवण्याबद्दल इराणवर दावे चालवू दिले जाणार नाहीत. आंतरराष्ट्रीय न्यायालयातली नुकसानभरपाईची बाजूही १९८१च्या मे महिन्यात मागे घेतली गेली. ज्यांनी ४४४ दिवस सोसले त्यांचा न्यायालयात जाण्याचा हक्क त्यांच्याच सुटकेच्या किमतीत गेला. कंपन्यांना त्यांची थकबाकी मिळाली आणि ओलीस रिकाम्या हातांनी घरी परतले. या संस्थेची मी कितीही कदर केली, तरी हा अन्याय तिच्या जन्माशी जोडलेला आहे हे नाकारता येत नाही. त्यांनी दाखल केलेले खटले अमेरिकी न्यायालयांनी करारावर बोट ठेवून फेटाळले. शेवटी २०१५च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेने एका निधीतून दिवसाला १० हजार डॉलर, म्हणजे प्रत्येकी जास्तीत जास्त ४४ लाख ४० हजार डॉलर, देण्याची तरतूद केली. तोवर सुटकेला जवळपास ३५ वर्षे झाली होती आणि अनेक जण हयात नव्हते.

दूतावासावर चढलेल्या तरुणांमधल्या काहींची वाटही वळली. तेव्हा परदेशी पत्रकारांशी बोलणाऱ्या मासुमे एब्तेकार पुढे इराणच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. अब्बास अब्दी यांनी १९९८मध्ये पॅरिसला जाऊन एका माजी ओलिसाची भेट घेतली. अमेरिकी पिढ्यांच्या मनात मात्र इराण म्हणजे तो फाटकापुढचा जमाव हे चित्र कायम राहिले आणि निर्बंधांच्या धोरणाला त्यानेच लोकांचा पाठिंबा मिळवून दिला.

खासगी दावे आता संपले आहेत. उरले आहेत दोन सरकारांचे एकमेकांविरुद्धचे. त्यांत सर्वांत मोठा बी/१ क्रमांकाचा. शहाच्या सरकारने अमेरिकी शस्त्रांसाठी आगाऊ पैसे भरले होते, क्रांतीनंतर शस्त्रे आली नाहीत आणि हिशोब लटकला. या वादातला एक तुकडा १७ जानेवारी २०१६ रोजी सुटला. अमेरिकेने त्या शस्त्रखरेदी निधीतले ४० कोटी डॉलर आणि वर सुमारे १.३ अब्ज डॉलर व्याज देण्याचे मान्य केले. ४० कोटींची रक्कम परकी चलनातल्या नोटांत विमानाने गेली आणि त्याच सुमारास इराणने काही अमेरिकी कैदी सोडले. अमेरिकेत यावर मोठे वादळ उठले. विरोधकांनी तिला खंडणी म्हटले, सरकार म्हणत होते की लवादात हरलो असतो तर व्याज आणखी वाढले असते. मूळ पैसा मात्र शहाच्या सरकारनेच भरलेला होता.

२०२०मध्ये लवादाने अमेरिकेत अडकून राहिलेल्या इराणी मालमत्तांबद्दलच्या आणखी एका जुन्या दाव्यावर अंशतः निवाडा दिला. सदस्य निवृत्त होतात, त्यांच्या जागी दोन्ही सरकारे नवे नेमतात. बी/१च्या उरलेल्या भागाची प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक बीजक तपासण्याचे काम बाकी आहे. १९७०च्या दशकातल्या त्या खरेदीवर सह्या करणारे फार थोडे लोक आज जिवंत असतील.